बाप्पाच्या दिव्याने बसलेली बॅटरी

मी देव मानतो, पण माझं मानणं कचेरीतल्या हजेरीसारखं होतं. सकाळी दोन अगरबत्त्या, संकष्टीला उपास, सही केली की सुटलो. आपल्या अडचणीत वरून कोणी लक्ष घालत असेल, यावर मात्र माझा विश्वास नव्हता. एवढ्या मोठ्या मुंबईत डिलाईल रोडच्या एका गल्लीतल्या पन्नाशीच्या माणसाची फाईल कोण उघडून बघणार? तो विश्वास शेवटी बसला, पण त्याआधी गाडीची बॅटरी बसावी लागली.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. भाजीतले खडे सोडा, भाजी कुठली हेही ती वासावरून ओळखायची. परळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘आजी, आणखी थांबलात तर आमचंही काम कठीण होईल.’ पण आईला ऑपरेशनची भयंकर भीती आणि ती भीती ती देवाच्या नावावर खपवायची. एकदा निघताना कोणी शिंकलं, एकदा मांजर आडवं गेलं, एकदा नुसतीच पाल चुकचुकली. तीनदा तारीख मोडली. चौथ्या वेळी कशीबशी तयार झाली. मी रात्रभर मनात एकच घोकत होतो, उद्या सकाळी कोणी शिंकू नये.

कोणी शिंकलं नाही. आई नवं लुगडं नेसून खाली आली, मागच्या सीटवर बसली आणि शेजारच्या दाजींनी गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आम्ही मालवणी माणसं, गाऱ्हाण्याशिवाय आमचं पान हलत नाही. दाजी म्हातारे, गिरणीतून निवृत्त, पण आवाज अजून भोंग्यासारखा. “बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू डोळे करूक जाता हा, तेका सांभाळ रे म्हाराजा!” गल्लीतले चारपाच जण ओरडले, “व्हय म्हाराजा!” मी ऐटीत चावी फिरवली.

टक. टक टक टक.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मीटरवरचे दिवे एकदा लुकलुकले आणि मंदावले. हॉर्न दाबला तर आजारी बकरीसारखा आवाज आला. मागून आईचा आवाज आला, शांत आणि जवळजवळ खूश, “बघितलंस? देवाच्या मनात नाय हा. चल, वर जाऊया.”

मी म्हटलं, टॅक्सी बोलावतो. ती म्हणाली, “गाऱ्हाणा घातल्यावर गाडी बंद पडली आणि मी टॅक्सीत बसू? त्यापेक्षा आंधळी बरी.” ही शेवटची तारीख होती हे मला कळून चुकलं. आज ती वर गेली की पुन्हा कधी खाली येणार नव्हती.

मग मी मेकॅनिक झालो. बॉनेट उघडलं आणि आत असा पाहत राहिलो, जसा एखाद्या नातेवाइकाचा एक्स-रे पाहतात: गंभीर चेहरा, अर्थ शून्य. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी दिसली, ती रुमालाने पुसली. काही फरक नाही. दाजी म्हणाले, “धक्को मारा!” गल्लीतले चौघे सरसावले. मी आत बसलो आणि त्यांनी “गणपती बाप्पा मोरया” म्हणत गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलली. तिथे पोचल्यावर मला आठवलं की माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. दिल्लीपर्यंत ढकलली असती तरी झाली नसती. चौघांनी माझ्याकडे पाहिलं. एक जण म्हणाला, “भाऊ, हे आधी सांगायचं ना.” चौघेही घाम पुसत आपापल्या कामाला गेले.

आता गाडी गल्लीच्या तोंडात आडवी. ना पुढे, ना मागे. आत आई पदर आवरून उतरायच्या तयारीत. मी तिथेच फुटपाथच्या कडेवर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा अगरबत्तीशिवाय, फळफुलांशिवाय देवाला म्हणालो, बाबा, मला काही येत नाही. एवढंच. पुढे काय मागायचं तेही सुचलं नाही.

माझ्या मनात होतं की कृपा आली तर शांतपणे, मंद सुगंधासह येईल. सुगंध होता खरा, पण ती आली कर्कश हॉर्न वाजवत. झेंडू आणि मोगऱ्याने भरलेला एक छोटा टेम्पो माझ्या गाडीसमोर थांबला आणि चालवणाऱ्या बाईने खिडकीतून डोकं काढलं. “ओ काका! गल्ली काय नावावर केलीय काय? दादरवरून हार घेऊन आलेय, सुकतील ना इथे!” बाई चाळिशीची असावी. मी तिचा काका कसा होतो हा प्रश्न मी गिळला आणि सगळी हकिगत सांगितली. आईकडे बोट दाखवलं.

ती खाली उतरली. कमरेला पदर खोचलेला, हातावर हळदीचे डाग. बॉनेटमध्ये एक नजर टाकून म्हणाली, “बॅटरी पार बसलीय. गाडी किती दिवस उभी होती?”

“तीन आठवडे.”

“तीन आठवड्यांत इतकी नाही बसत. काहीतरी चालू राहिलंय.” तिने दार उघडून आत पाहिलं आणि तिची नजर डॅशबोर्डवर गेली. तिथे आमचा गणपती. त्याच्यामागे लाल, हिरवी, निळी प्रभावळ, अगदी क्षीण का होईना, पण मिणमिणत होती.

“गाडी बंद केली तरी ही बंद होत नाही?”

मी अभिमानाने सांगितलं, “नाही. अखंड आहे. मी मुद्दाम थेट बॅटरीला जोडून घेतलीय.” जोडणाऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं, साहेब, बॅटरी बसेल. मी त्याला उत्तर दिलं होतं, बाप्पाचा दिवा आहे, बसणार नाही.

बाई इतकी हसली की तिला टेम्पोचा आधार घ्यावा लागला. “काका, बाप्पानेच पिली की हो तुमची बॅटरी!”

तिने टेम्पोतून दोन जाड वायरी काढल्या. टेम्पो पुढे घेतला, लाल चिमटा लालला लावला, काळ्याचं एक टोक तिच्या बॅटरीला आणि दुसरं माझ्या इंजिनाच्या लोखंडाला. “आधी ती प्रभावळ काढा,” म्हणाली. माझा हात थांबला. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी, गाऱ्हाणं नुकतंच झालेलं, आणि मी देवाचा दिवा विझवू? आईला कळलं तर आणखी एक अपशकुन. पण आईने सगळं ऐकलं होतं. मागून म्हणाली,

“काढ रे ता. देवाक कित्याक होयो उजेड? तेका सगळा दिसता. दिसणा नाय ता माका.”

मी वायर ओढली. पाच मिनिटं टेम्पो घरघरत राहिला. मग बाईने मान हलवली, मी चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. दाजींनी गाऱ्हाणं नव्याने घातलं, यात बॅटरीचाही उल्लेख होता, आणि “व्हय म्हाराजा” म्हणणाऱ्यांत त्या फूलवाल्या बाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बक्षिसाचा विषय काढताच ती म्हणाली, “आधी गल्ली मोकळी करा.” तिने मोगऱ्याचा एक गजरा आईच्या हातात ठेवला आणि गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी यात चमत्कार शोधत नाही. मी मूर्खासारखी ऑटोमॅटिक गाडी ढकलवली नसती, तर गल्लीचं तोंड अडलं नसतं आणि तो टेम्पो भोंगा वाजवत थांबला नसता, निघून गेला असता. माझ्या मूर्खपणालासुद्धा कोणी कामाला लावत असेल, तर त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला एवढंच कळलं की शरण जाणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. बॉनेट उघडं ठेवून आपण बाजूला व्हायचं, ज्याला येतं त्याचा हात आत जाऊ द्यायचा.

एका डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आईने डॉक्टरांकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोटाने माझ्या शर्टाची बाही चाचपत म्हणाली, “ह्यो निळो आसा? इतकी वर्षां माका वाटला तू राखाडीच घालतंस.” आणि मी काही बोलायच्या आत डॉक्टरांकडे वळून तिने स्वतःच विचारलं, “दुसरो डोळो कधी करतास?”