पाटीखालची मान
सुक्या बोंबलांचा वास आला की मला मढची ती मासळीवाली मावशी आठवते. बाजाराला जाताना रिक्षा उलटली आणि मानेला पट्टा बांधून तिला आमच्या अपघात विभागात आणलं. लुगड्याला मासळीचा वास येत होता. मी तेव्हा नवी डॉक्टर. "मावशी, मान दुखते?" "नाय गो बाय." मणके दाबले, तरी तिने हूं की चूं केलं नाही. पूर्ण शुद्धीत होती, हातपाय नीट हलत होते, दुसरी मोठी जखम नव्हती. म्हणजे स्कॅनची गरज नव्हती. मी पट्टा सोडायला हात घातला, तर ती सहज म्हणाली, "चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहते. मान काय, रोजचीच दुखते." माझा हात थांबला. "आजही रोजच्याएवढीच?" "आज जरा जास्तीच." सीनियर वैतागला, "अगं, बाहेर लाइन लागलीय, सोड ना तिला!" मी म्हटलं, "स्कॅन झाल्याशिवाय पट्टा निघणार नाही, सर." पट्ट्यावरचा हात मी काढलाच नाही. स्कॅनमध्ये मानेचा मणका मोडलेला दिसला. आता माझे ज्युनियर हसतात, पण मान दुखते का, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, डोक्यावर काय वाहता?