बाबांच्या तापाचं कारण मला माहीत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुला सांगतेय — का, ते विचारू नकोस.

बाबांना मूत्राशयाचा कॅन्सर होता. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आम्ही मुतखडा म्हणून सांगितलं. आईलाही तेच, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. गाठ काढल्यावर दर आठवड्याला बाबा नि मी अंधेरीला जायचो. तिथे कॅन्सर परत उलटू नये म्हणून नळीवाटे मूत्राशयात बीसीजी सोडायचे. हो, तान्ह्या बाळांना टोचतात ती टीबीची लसच. जिवंत जंतू असतात तिच्यात. नर्सने बजावून एक कार्ड दिलं होतं — ताप आला तर कुठल्याही डॉक्टरला हे आधी दाखवा. माझ्या हातात दिलं होतं.

पाचव्या डोसनंतर ताप आला. आमचे नेहमीचे डॉक्टरकाका घरी आले. आता ऐक — माझं स्थळ त्यांनीच आणलेलं, पार्ल्याचं, त्यांच्या मेव्हण्याच्या घरातलं. बोलणी होत आली होती. मुलीच्या वडलांना कॅन्सर आहे हे तिकडे कळलं असतं तर? काय झालं असतं? काकांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही काका, काहीच नाही," मी म्हणाले.

आधी मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मग व्हायरल म्हणाले, मग अँटिबायोटिक. बारा दिवस! कार्ड माझ्या कपाटात, कपड्यांखाली. बाबा तापाने फणफणायचे आणि मी — मी लग्नाचे हॉल बघत फिरत होते. शी. किळस येते मला माझी.

धाप लागली तेव्हा ॲडमिट केलं, तेव्हा कुठे कार्ड काढलं. जंतू फुफ्फुसात, यकृतात पसरले होते. टीबीची औषधं सुरू झाली, पण उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई भडकल्या, आधी का नाही बोललात म्हणून. मी खरं सांगणार होते? छे, कसली सांगतेय. बाबांनीच ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"मीच नको म्हटलं होतं. तिला बोलू नका."

आई शेजारीच उभी होती. आठ दिवसांनी बाबा गेले.

वर्षाच्या आत लग्न झालं माझं, त्याच घरात. नवऱ्याला सगळा आजार कळला तेव्हा म्हणाला, यात लपवण्यासारखं काय होतं?

आई अजून श्राद्धाला पान वाढताना बाबांच्या फोटोला बोल लावते — अतिशहाणपणा नडला तुम्हाला, पोरीलाही गप्प बसवलंत. मग माझ्याकडे वळून विचारते, खरं की नाही गं?

मी दरवर्षी हो म्हणते.