उसाच्या ट्रॉलीवरून दिसलेलं वळण

मुलींची मोठी शर्यत बंद करायचा निर्णय आमच्या गावात चहा पिता पिता झाला. मला तो कळला किराणा दुकानात, साखर घेताना. दुकानदार म्हणाला, "बरं झालं की. पोरींनी मैदानातच दोन चकरा मारायच्या. भांडणच न्हाय." माझा पारा तिथंच चढला. ज्यांनी पळायचं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि साखर विकणाऱ्याला आधी कळलं.

हकीगत अशी. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की आमच्याकडं शर्यती होतात. मुलांची मोठी शर्यत शाळेच्या मैदानातून निघते, ढोकीकडं जाणारा रस्ता ओलांडते, ओढ्यात उतरते आणि पलीकडं ज्वारीच्या रानाशी ठेवलेल्या निळ्या पिंपाला वळसा घालून परत येते. तीच शर्यत मुलींना मिळावी म्हणून आम्ही गावातल्या काही बायकांनी पत्रकं छापली, घरोघर वाटली, काही घरांत शिव्या खाल्ल्या, आणि मिळवली. पहिल्याच वर्षी आमच्या गल्लीतली, तेव्हा दहावीला असलेली पोरगी पहिली आली. तिची आई ब्लाउज शिवते. पोरगी शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांवर पळते. ती बक्षिसाच्या टेबलापाशी पोचायच्या आत दुसऱ्या मुलीचे नातेवाईक ओरडायला लागले, "ही पिंपापर्यंत गेलीच न्हाय! अलीकडूनच वळली!" त्या दिवशी पिंपापाशी आमच्या शाळेचे एक सर उभे होते, पण ओढ्यापलीकडं मोबाइलला रेंज नाही. ते चालत मैदानावर येऊन "गेली होती, मी पाहिलंय" म्हणेपर्यंत ढाल दुसरीच्या हातात गेली होती आणि फोटोही निघाला होता.

पोरगी रडली नाही. म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी परत पळते की." आणि आता पुढच्या वर्षी शर्यतच नाही!

क्रीडा समितीचे अध्यक्ष आमच्या भावकीतले. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. मी थेट त्यांच्या ओट्यावर गेले. चार माणसं बसलेली होती, ते बरंच झालं.

"तात्या, पोरांची शर्यत का नाही कमी केली?"

"त्यांचं कुठं भांडण झालं?"

"पण त्यांच्या वेळेला पिंपापाशी कोण असतं? कुणीच नसतं."

"पोरं कशाला खोटं पळतील?"

हे वाक्य पत्रकाच्या वरच्या बाजूला ठळक छापावं असं मला वाटलं. बरोबर आहे, मुलगा पळतो आणि मुलगी फसवते! मी बोलायला लागले तसा तात्यांनी हात वर केला. "पोरींनी पळू न्हाय असं म्या कधी म्हणलं न्हाय. मंडपात बसून ते पिंप दिसलं पायजे. दिसतंय का? न्हाय. मग?"

"आणि दिसलं तर?"

"तर पळू द्या की पार तुळजापूरपर्यंत!"

ओटा हसला. मी हसले नाही. चार जणांच्या देखत दिलेला शब्द होता तो. मी म्हणाले, "दाखवते. पण जे पोरींचं दिसेल ते पोरांचंही दिसेल. एकट्या पोरींवर पहारा बसवायला मी येणार नाही."

"दाव की. पोरं काय भेत्यात का?" तात्या म्हणाले.

दाखवायचं कसं, हे मला माहीत नव्हतं. गावात केबल आणि वायफाय देणारे चाचा आहेत, त्यांच्याकडं गेले. मोबाइलवरून व्हिडिओ दाखवू म्हटलं तर ते म्हणाले, "रेंजच न्हाय तिथं, दाखवणार काय? टॉवरचा नाद सोड बेटा. आपलं आपण जाळं टाकू." त्यांच्याकडं जेवणाच्या ताटाएवढ्या दोन वायरलेस डिश होत्या. वस्तीवर वायफाय न्यायला ते अशाच वापरतात. एक इकडं, एक तिकडं, समोरासमोर तोंड करून बसवायच्या. एकीनं पाहिलेलं दुसरीला पोचतं. ना टॉवर लागतो, ना सिमकार्ड, ना इंटरनेट. "फक्त एक पथ्य हाय," चाचा म्हणाले. "दोघींच्या मधी कुणी उभं राहायचं न्हाय. लई मानी असत्यात."

ठरलं ते असं. एक डिश शाळेच्या गच्चीवर, तिथून वायर मंडपातल्या टीव्हीला. दुसरी पिंपापाशी पाइपावर, तिला दुकानात लावतात तसला कॅमेरा जोडलेला. ओढ्यापलीकडं वीज कुठली? फवारणीच्या पंपाची बॅटरी काढली. सकाळी लावून ठेवली ती दिवस मावळेपर्यंत दमली नाही. आमच्या रानात इतकी भरवशाची वीज दुसरी नाही, हे ज्यांनी ऐकायला पाहिजे त्यांनी ऐकावं.

चाचणी कधी घ्यायची यावर वादच झाला नाही. येळवशीला! वेळ अमावस्येला आमचं गाव दाराला कड्या लावून रानात जातं. कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पूजा, मग आंबील, भज्जी, उंडे. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा जेवल्याशिवाय सुटत नाही. पाइप धरायला, खड्डा घ्यायला, वायर ओढायला इतकी माणसं दुसऱ्या कुठल्या दिवशी ओढ्यापलीकडं मिळणार? चाचांना प्रत्येक कोपीवर आंबील प्यावी लागली. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "आता डिशला पाजा." शाळेतल्या टीव्हीवर निळं पिंप असं स्वच्छ दिसलं की त्याच्यावरचा गंजसुद्धा मोजून घ्यावा. पिंपाभोवती आमच्या घरच्या बायका फेर धरत होत्या, त्याही दिसल्या. चाचा म्हणाले, "पक्कं काम झालं." मीही म्हणाले, पक्कं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला. मंडपात टीव्ही लावला. पिंप दिसलं, गेलं. पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. मग काळा पडदा. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "रातीचं दाखवत्यात जणू!" आणि मंडप खिदळला.

मी गच्चीवर पळाले आणि समोर पाहिलं. ढोकीच्या रस्त्यावर साखर कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग उभी होती. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस कठड्याच्या कितीतरी वर रचलेला, आणि रस्ता नेमका तिथं भरावावर उचललेला. आमच्या दोन मानी डिशांच्या मध्ये उसाची भिंत. येळवशीला ट्रॅक्टरवालेही कुणाच्या तरी रानात जेवत होते. अख्ख्या हंगामात जो एकच दिवस हा रस्ता मोकळा असतो, तो हेरून आम्ही चाचणी घेतली होती! इतकी अक्कल फक्त आमच्याच जिल्ह्यात चालवली जाऊ शकते.

लाउडस्पीकरवर तात्यांचा आवाज आला. "पोरांची शर्यत टायमावर सुटंल. टीव्ही लागला तर ठीक, न्हायतर पोरींनी मैदानातल्या चकरांची तयारी ठेवावी."

गल्लीतली पोरगी गच्चीच्या जिन्याखाली उभी होती, बुटाची नाडी हातात. "ताई, मोठी का बारकी?"

"मोठी. थांब."

चाचांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी रस्त्यावर गेले. पहिल्याच ट्रॅक्टरवाल्याला मुलींच्या हक्कावर सगळं सांगितलं, जसं सभेत सांगते तसं. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "पटलं ताई. माझी पोरगी बी पळती. पण म्या बाजूला झालो तर नंबर जातो. मग तुमचा टीव्ही माझा ऊस गाळंल का?" त्याचंही खरं होतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

रांगेच्या कडेला एक ट्रॅक्टर मात्र रांग सोडून उभा होता. ट्रॉलीचा टायर फुटलेला, ड्रायव्हर सावलीत अंग टाकून. मी ट्रॉलीवरच्या उसाकडं पाहिलं. रस्त्यावर त्याच्याएवढं उंच दुसरं काही नव्हतं, आणि ती ट्रॉली हलणार नव्हती.

"चाचा, मध्ये कुणी उभं राहायचं नाही म्हणालात. पण जो उभा आहे त्याच्याच डोक्यावर बसलं तर?"

चाचांच्या डिकीत एका वस्तीवर बसवायची नवी जोडी होती. त्यांना कळलं तसे ते डिकीवर हात ठेवूनच बोलायला लागले. "नवी जोडी उसावर? अगं, काय झालं म्हंजी?"

"उसाला काही होत नाही, चाचा."

"उसाला न्हाय गं, मला होतंय!"

पण डिकी त्यांनीच उघडली. दोन डिश पाठीला पाठ लावून बांधायच्या, एकीचं तोंड शाळेकडं, दुसरीचं पिंपाकडं, मध्ये वायर. ड्रायव्हर उठून बसला होता. त्याला सांगितलं, तर म्हणाला, "चढा. पर मोळी ढिली करू नका." पाइप नव्हता, तर त्यानंच पहार काढून दिली. मी वर चढले, पहार उसात खोल रोवली, दोरानं आवळली. पाचटानं दोन्ही हात चिरले. खाली चाचांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर लावली आणि हुकूम सोडायला लागले, "डावीकडं! अगं, तुझ्या न्हाय, माझ्या डावीकडं!" तेवढ्यात मुलांची शर्यत सुटली. पोरं ट्रॉल्यांच्या फटीतून धडधड रस्ता ओलांडून ओढ्यात उतरली. मी डिश केसभर फिरवली, आणखी केसभर. तिच्या पाठीवरचे हिरवे दिवे एकामागं एक लागले.

मैदानावर काय दिसतंय ते आम्हांला कळायला मार्ग नव्हता. लाउडस्पीकरनं कळवलं. "आलं! पिंप आलं!" सूत्रसंचालक सर ओरडले. मग त्यांचा आवाज बदलला. "अरे... अरे, पिंपाला वळसा घाला रे! ए, लाल बनियनवाल्या! कुठं वळतोस? पिंप पुढं हाय!" आणि मैदानावरून अशी गर्जना उठली की ड्रायव्हर दचकला. "काय झालं वो?"

"काही नाही," मी उसावरून म्हणाले. "पोरं दिसायला लागली."

पुढची मुलं पिंपापर्यंत व्यवस्थित गेली होती. मधला सगळा घोळका मात्र अलीकडच्या बांधावरूनच परत फिरला होता, मोठ्या आरामात, रोजची वाट असल्यासारखा. मी मंडपात पोचले तेव्हा तात्या चष्मा पुसत होते.

"दम लागला आसंल पोरांना," ते म्हणाले.

"तात्या, दम पोरींनाही लागतो. तरी त्यांना खोटं ठरवलं."

आजूबाजूचे हसले, पण या वेळी माझ्यावर नाही. तात्यांनी टीव्हीकडं पाहिलं, माझ्या चिरलेल्या हातांकडं पाहिलं आणि माइक स्वतः घेतला. "पोरींची शर्यत. मोठी. पिंपापर्यंत." शब्द फिरवला नाही, हे मी लिहून ठेवते. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायची पाळी माझ्यावर फार येत नाही.

मुली सुटल्या तेव्हा तिकडं फुटक्या टायरचा मालक नवा टायर घेऊन आला होता. ड्रायव्हरनं त्याला आधी चहाला नेलं. मुली परत येईपर्यंत चहा संपला नाही, असं चाचांनी मला नंतर सांगितलं.

मंडप टीव्हीपुढं गोळा झाला. पडद्यावर आधी रिकामं पिंप, मागं ज्वारीची कणसं हलताना. मग शेजारच्या गावची एक उंच मुलगी आली, पिंपाला वळसा घालून गेली. पाठोपाठ आमची. तिनं पिंपाला पुरा वळसा घातला, सगळ्या गावानं पाहिलं. माझ्या शेजारी तिची आई पदर तोंडाशी धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "गेली."

आमची दुसरी आली. कुणी ओरडलं नाही, कुणाचे नातेवाईक उठले नाहीत. मागच्या वर्षीची ढाल अजून परत मिळालेली नाही आणि तो विषय मी सोडलेला नाही. पण त्या दिवशी पहिली ती पहिली होती आणि दुसरी ती दुसरी होती. आमच्या गावात मुलींच्या बाबतीत एवढा साधा न्याय व्हायला उसाच्या ट्रॉलीवर चढावं लागलं.

बक्षिसांची वेळ झाली तर पोरगी सापडेना. ती टीव्हीपाशी होती. टीव्हीशेजारच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात सगळं साठलेलं होतं आणि तिनं चाचांना तेच वळण पुन्हा लावायला सांगितलं होतं. पहिली आलेली उंच मुलगीही तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"इथं बघ, मी किती लांबून फिरले," आमची म्हणाली.

"मी हात टेकवला ना पिंपाला," उंच मुलगी म्हणाली. "असा. म्हंजी आतून निघता येतं."

"असा?"

"असा न्हाय. खालून."

माइकवरून तात्या बोलावत होते, "पोरींनो, या की! पाहुणे खोळंबल्यात!"

"आलो तात्या," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "एकदा अजून बघू द्या."