रविवार जाऊ दे

माझं तोंड वाकडं झालं ते मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी. चूळ भरली तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून छातीवर सांडलं. आरशात पाहिलं तर उजवा चेहरा माझा होता आणि डावा खाली ओघळलेला. डावा डोळा मिटायला गेले, तो मिटेना. मी घाबरून आईला हाक मारली. ती तव्यावर पोळी टाकून आली आणि म्हणाली, "तोंड काहून वाकडं करून राहिली वं?"

मी करत नव्हते, ते झालं होतं. हे कळल्यावर आईने आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रविवारी माझं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मुलगा नागपुरातल्याच बेसा भागातला, सरकारी नोकरी, स्वतःचा फ्लॅट. असं स्थळ आमच्यात कुणाच्या पोरीला आलं नव्हतं, हे आई मला रोज भाजीबरोबर वाढायची.

नागपुरात उन्हाळ्यात तोंड वाकडं झालं की दोषी ठरलेलाच असतो: कूलर. रात्रभर गार हवा लागली, झालं. आईने कूलरचं बटण बंद केलं आणि घराची भट्टी झाल्यावर माझ्या गालावर ओव्याची तापलेली पुरचुंडी दाबून धरली. गाल लाल झाला. मी कळवळले तर म्हणाली, "सहन कर. नस मोकळी होते."

दवाखान्यात नेते का, असं मी विचारलं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरचा कंपाउंडर मुलाच्या आईचा भाचा निघाला होता. "त्याले समजलं का बेसात समजलंच. रविवार जाऊ दे. मंग पाहू," आई म्हणाली. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर तिथेही कुणीतरी पाहील. वडील इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात निघाले होते. त्यांचं तोंड अगदी सरळ होतं, ते त्यांनी दाराकडे वळवलं आणि चपला घातल्या.

माझा डोळा झोपेतही उघडा राहायचा, सकाळी आत वाळू भरल्यासारखं टोचायचं. वरणाची चव अर्ध्या जिभेला लागायची. डाव्या कानात कुकरची शिट्टी सुरीसारखी घुसायची. ते मी आईला सांगितलं. तिने ब्लाउज शिवायला टाकला.

रविवारी मला डावी बाजू भिंतीकडे करून बसवलं. डाव्या गालावर पदर, आणि कानात आईची ताकीद: हसू नको, बोलू नको, खाऊ नको. पाहुण्यांना तिने माझा उपास असल्याचं सांगितलं. कूलर बंदच होता, पाहुणे रुमालाने वारा घेत बसले. मुलाची आई म्हणाली, "पोरगी गुणाची आहे, आजकालच्या पोरीयसारखी दात काढत नाही." आई माझ्या वाटचंही हसली.

सोमवारी आम्ही सीताबर्डीला नसांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मला कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. डाव्या बाजूला एकही पडली नाही. "हा मेंदूचा लकवा नाही," ते म्हणाले. "चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या बारीक नळीतून येते. ती सुजली की तिथेच आवळली जाते. बहुधा एखाद्या विषाणूमुळे. कूलरचा काही गुन्हा नाही. पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर बहुतेकांचा चेहरा पूर्ण सरळ होतो. कधी झालं हे?"

"कालच," आई म्हणाली.

डॉक्टरांशीही खोटं बोलली. मी वाकड्या तोंडाने म्हटलं, "मंगळवारी." डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, तेवढी सभ्यता दाखवली. डोळ्यात घालायला थेंब दिले, झोपताना पापणीवर लावायला पट्टी, आरशासमोर करायचे व्यायाम. गोळ्याही दिल्या, पण म्हणाले, "आता नस येईल तशी येईल."

पुढच्या आठवड्यात मुलाची आई न कळवता आली. मी चहा पीत होते आणि तो हनुवटीवरून गळत होता. दोन दिवसांत निरोप आला की मुलगा नाही म्हणतो. आईने मला एवढंच विचारलं, "तुले चहा प्याले कोनं सांगतलं होतं?"

नस दिवाळीच्या सुमारास आली, पण वाट चुकून. ओठाकडे जायचे तंतू डोळ्याकडे गेले, लाळेचे आसवांकडे. मी हसले की डावा डोळा मिटतो, लोकांना वाटतं बाई डोळा मारते. आणि घास चावला की त्याच डोळ्यातून पाणी वाहतं. त्यावर इंजेक्शन असतं, काही महिने टिकतं. मी कधी घेते, कधी नाही.

मागच्या वर्षी आई गेली. सरणाजवळ माझे डोळे कोरडे होते. बाया बघत होत्या, मलाही दिसत होतं. मला तिचा राग होता, आजही आहे. तेरवीपर्यंत मी वाट पाहिली की खरं रडू येईल. आलं नाही. तेरवीच्या पंगतीत बुंदीचा पहिला घास चावला आणि डावा डोळा वाहू लागला. शेजारच्या काकूने पाठीवर हात ठेवला. "रडू नको वं. मायवर लय जीव होता पोरीचा," ती सगळ्यांना म्हणाली.

मी वाढणाऱ्याला थांबवलं आणि आणखी बुंदी मागितली.