झिऱ्यावर केलेली शिकार

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. त्याचे श्रेय वडिलांनंतर कोणाला द्यायचे तर आमच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याला. तो सातपुड्याच्या पायथ्याच्या भिलांच्या पाड्यावरचा. मी शहाद्याला शाळेत असताना दर रविवारी तो तापीकाठच्या आमच्या गावाहून भाकरी घेऊन पायी यायचा आणि माझे जेवण होईपर्यंत खोलीच्या दारात बसून राहायचा. मी त्याला दादा म्हणत असे.

पदवी मिळाली त्याच्या पुढच्या वर्षी, होळीनंतर, तो मला आपल्या पाड्यावर घेऊन गेला. मी वडिलांची ठासणीची बंदूक बरोबर घेतली. तिचा परवाना शेतात शिरणाऱ्या रानडुकरांपुरता होता. ती जंगलात न्यायची नाही, हे मला माहीत होते. वाटेत दादाने आणखी एक गोष्ट सांगितली. नाला आटला की सगळा पाडा एका झिऱ्यावर पाणी भरतो. झिरा म्हणजे वाळूत खणलेला कमरेइतका खड्डा.

"तठे माणूसबी पानी पेस, जनावरबी पेस," तो म्हणाला. "तठे कोन्ही मारस नही, भाऊ."

पाड्यावरचे लोक शिकार करत. पण झिऱ्यावर कोणी बाण उचलत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मोहाची फुले वेचायला गेला होता. मी झिऱ्याजवळ खडकाआड बसलो. भेकराची एक मादी आली, तिने मान खाली घातली आणि मी चाप ओढला. ती झिऱ्यातच पडली. ओढून बाहेर काढताना कळले की ती गाभण होती. मला फार वाईट वाटले, असे लिहिणे सोपे आहे. खरे म्हणजे तेव्हा काहीच वाटले नाही. हाताला बंदुकीच्या दारूचा जळका वास येत होता, एवढेच आठवते.

आवाज ऐकून दादा पळत आला. त्याने पाण्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही.

"घर जाय, भाऊ."

मी बंदूक उचलून घरी आलो. जेवलो, झोपलो.

सहाव्या दिवशी त्याची बायको आमच्या दारात येऊन उभी राहिली. दादाने भेकर आपल्या शेताच्या कडेला पुरले होते. कुत्र्यांनी ते उकरले आणि फॉरेस्टच्या गार्डने दादाला उचलून जंगलखात्याच्या नाक्यावर नेले.

"नाकावर बसाडेल शे त्याले," ती म्हणाली. "बंदूक कोनी शे, इचारतस. तो बोलस नही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनी झिरानं पानी बंद शे. ज्यानी रगत सांडं त्यानीच तो उपसाना, मंग पानी. तो आमलेबी नाव सांगस नही. आम्ही बाया दोन कोस जाई ऱ्हायनूत, भाऊ."

ती विचारत नव्हती. तिला ठाऊक होते.

ती गेल्यावर वडील म्हणाले, "तू गप ऱ्हाय. मास्तरकीना कागद येवाना शे तुन्हा. तो बोलस नही ना? मंग तू कसाले बोलस?"

वडील वाईट नव्हते. मला शिकवताना त्यांनी स्वतःला नवे धोतर घेतले नव्हते. मी बंदूक घेतली आणि नाक्यावर गेलो. दादा भिंतीला टेकून बसला होता. मी जबाब लिहून दिला. बंदूक जमा झाली, पुढे परवाना गेला, खटला झाला. दादाला त्याच दिवशी सोडले. मास्तरकीचा कागद त्या वर्षी आला नाही.

पाड्याची माफी मागायची तर तीही लेखीच मागावी, असे मला वाटले. शिकलेल्या माणसाची चूक म्हणतात ती हीच असावी. चांगल्या शुद्ध मराठीत पानभर माफीनामा लिहिला, 'अक्षम्य अपराध' वगैरे शब्द घालून. जबाबाच्या दुसऱ्याच दिवशी झिऱ्यापाशी पाडा जमला होता. मी उभा राहून तो वाचला. कोणी हलले नाही.

पाड्याच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केले. "हाऊ कागद पानीले दाखाड. त्याले वाचता येस का, देख."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"ठेव तो," म्हातारा म्हणाला. "तोंडघाई सांग. काय करं तू?"

मी कागद खिशात घातला. घरची बोली तोंडात यायला वेळ लागला. "भेकर मी मारी. पानीवर मारी. आनी पळी गऊ."

"हं," तो म्हणाला. "उतर."

मी झिऱ्यात उतरलो. आधी पाणी उपसले, मग गाळ, मग खालची काळी वाळू. हात लावायला कोणी आले नाही. नखे फाटली. दुपारी तळातून नवे पाणी पाझरू लागले, आधी गढूळ, मग निवळ. पहिली ओंजळ मी प्यायची होती, मी प्यालो. मग म्हातारा प्याला, मग एकेक करून सगळे. बायांनी हंडे भरले. तिथल्या रीतीप्रमाणे ती गोष्ट संपली, पुढे ती कोणी काढायची नव्हती.

दादा सगळ्यांच्या शेवटी प्याला. तोंड पुसून म्हणाला, "चाल, ऊन व्हई ऱ्हायनं."

तो मला सडकेपर्यंत सोडायला आला. पुढे चालत होता. 'चाल' म्हणताना तो भाऊ म्हणाला नव्हता, हे माझ्या बरेच नंतर लक्षात आले. सडकेवर मी म्हणालो, "दादा, मन्हं चुकनं." त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, मला कळले नाही.

आमच्याकडे सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते. त्या आखाजीला तो धानोऱ्याकडच्या एका शेतकऱ्याकडे कामाला लागला. वडिलांनी दुसरा गडी ठेवला. पाड्याने मला माफ केले होते, ते मी पाण्यासोबत घेतले. दादाकडे माफी मागायला मी पुन्हा गेलो नाही. जायला हवे होते.