डोणीतलं पाणी

आज भूगोलाच्या तासाला मी सांगितलं, दोन्ही बाजूंनी उंच आणि मधे खोलगट, अशी लांबट जमीन म्हणजे द्रोणी. एका मुलीनं विचारलं, "म्हंजे ढोरं पाणी पितात त्या डोणीवानी?" मी हो म्हणाले आणि पुढचं शिकवायचं विसरले.

कुरुंद्याला आमच्या अंगणात दगडी डोणी होती. मी नऊ वर्षांची असेन. भर दुपारी जमिनीतून गुरगुर आली आणि डोणीतलं पाणी थरथरलं. म्हैस तोंड काढून मागं सरली. त्या शेवाळलेल्या पाण्याचा वास अजून नाकात आहे.

"बाबा, पाणी काहून हालून राहिलं?"

"म्हशीनं धक्का दिला असंल," बाबा म्हणाले. मग त्यांनी घरात झोपलेल्या धाकटीला उचलून बाहेर आणलं. आई दोनदा आत निघाली, दोनदा त्यांनी तिला काहीतरी काम सांगून अंगणातच थांबवलं.

मला तेव्हा म्हशीचाच राग आला होता. आज कळतं, भूकंप त्यांनी ओळखला होता. संध्याकाळपर्यंत एकटेच घाबरत ते आमच्याशी हसून बोलत होते.