सुरक्षा प्रमुख आणि पाण्याखालचं गाव

सोलापूरच्या विद्यापीठात शिडाच्या होड्यांचा क्लब होता असं सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पण पाणी कुठाय?" प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांनी. आल्यावर बादल्या, पिंपं, कळश्या, अगदी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायची. अशा गावात वाढलेल्या मुलीला बुडायची भीती वाटण्याचं तसं काही कारण नव्हतं. तरी मला वाटायची. मला सगळ्याचीच भीती वाटायची. गॅसची, विजेची, उघड्या खिडकीची, चालत्या एसटीत उभं राहणाऱ्या माणसांची.

मी एम.एस्सी.ला असताना आमच्या क्रीडा विभागाच्या सरांना कुठून तरी दोन जुन्या शिडाच्या होड्या मिळाल्या. टेंभुर्णीच्या पुढे उजनी धरणाचं पाणी मैलोगणती पसरलेलं आहे, तिथं रविवारी सराव करायचा असं त्यांनी ठरवलं. पहिल्या बैठकीत कुणी कप्तान झालं, कुणी उपकप्तान, कुणी प्रसिद्धी प्रमुख. मी मैत्रिणीबरोबर नुसती बसायला गेले होते. सगळं झाल्यावर मी हात वर करून विचारलं, "सर, होडी उलटली तर?"

सरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि ते म्हणाले, "उत्तम. तू सुरक्षा प्रमुख."

घरी सांगितलं तेव्हा आई एकच शब्द बोलली, "वद्दु." आमच्या घरात तेलुगू बोलतात. वद्दु म्हणजे नको, आणि आईच्या तोंडून आलं की विषय संपला. पण मी बुडायला जात नाही, बाकीच्यांनी बुडू नये हे बघायला जातेय, असं समजावल्यावर ती जरा विचारात पडली. "म्हणजे इथं घरात करतेस तेच की," म्हणाली आणि पोहायला शिकण्याच्या अटीवर तयार झाली.

पोहायला शिकले. वाचन केलं. एका नौकानयन शिकवणाऱ्या बाईंना फोन करकरून भंडावून सोडलं. आणि मग क्लबमधल्या सगळ्यांचं जगणं मी अवघड करून टाकलं. लाइफ जॅकेट नाही तर होडी नाही. वारा फार वाढला तर होडी नाही. सरांना भाड्यानं घ्यायला लावलेली मोटारीची बचाव होडी आधी पाण्यात, मग शिडाची. होडीत कुणी उभं राहायचं नाही. प्रत्येकानं एकदा तरी होडी मुद्दाम उलटवून ती परत सरळ करून दाखवायची. कप्तान म्हणजे माझी मैत्रीण, अक्कलकोटची. रागावली की ती कानडीत शिरायची. दुसऱ्यांदा उलटवायला लावल्यावर ती पाण्यातून "साकु! साकु!" असं ओरडली. साकु म्हणजे पुरे. मी म्हटलं, तिसऱ्यांदा नाकात पाणी न जाता जमलं की पुरे. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मग सरांच्या डोक्यात उद्‌घाटन आलं. क्लब सुरू होऊन महिने झाले होते, पण उद्‌घाटनाशिवाय क्लब खरा होत नाही असं सरांचं मत. पाहुणे म्हणून त्यांनी त्याच भागातल्या एका वजनदार म्हाताऱ्या पुढाऱ्यांना बोलावलं. सगळे त्यांना आबा म्हणत. वजनदार दोन्ही अर्थांनी. काठावर मांडव घातला, माईक लावला, आबांना जरीचा फेटा बांधला. कडक इस्त्रीचं धोतर, शर्ट, गळ्यात हार. आबा होडीत बसून एक फेरी मारणार आणि मग भाषण करणार, असा बेत होता.

मी सगळ्यांत मोठं केशरी जॅकेट घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"ह्ये काय?"

"लाइफ जॅकेट, आबा. हार काढून हे घालायचं."

आबा हसले. मांडवही हसला. "पोरी, ह्या भीमेच्या पान्यात मी चालाय लागायच्या आदी पवाय लागलोय. मला बुडायचं कोन शिकवतंय?"

"बुडायचं नाही, आबा. तरंगायचं."

सर माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "अगं, पाहुणे आहेत. काठावरच तर जायचंय." खुद्द सरांनी नियम पाळला होता, पण जॅकेटवर ब्लेझर चढवून. छाती अशी फुगली होती की ते कुस्तीच्या फडातून थेट आल्यासारखे दिसत होते. मी म्हटलं, "सर, जॅकेट कोटाच्या बाहेरून." सरांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

होडीचा दोर माझ्या हातात होता आणि तो मी मनगटाला एक वेढा देऊन धरला. "जॅकेटशिवाय मी दोर सोडणार नाही," असं म्हटलं खरं, पण आवाज इतका बारीक निघाला की आबांनी "काय म्हनती ही?" असं दुसऱ्याला विचारलं. दुसऱ्यानं मोठ्यांदा सांगितलं. आबांचा चेहरा बदलला. माणसं चुळबुळ करू लागली. मला वाटलं, क्लब गेला, बहुधा मीही गेले.

सोडवलं फोटोग्राफरनं. तो कॅमेऱ्यातून बघत सहज म्हणाला, "आबा, केशरी लई उठून दिसतंय हां फेट्याखाली."

आबांनी हार उतरवला. पट्टे पार टोकापर्यंत सैल केले तरी बक्कल लागेना. "श्वास सोडा, आबा," मी म्हटलं. त्यांनी सोडला, मी ओढलं, बक्कल कट्‌ करून बसलं. "आता परत घिऊ का न्हाय?" त्यांनी विचारलं.

होडी निघाली. सुकाणूवर मैत्रीण, मध्ये आबा, पुढे सर. मी मोटारीच्या होडीतून मागे. मोटार आमच्यातला एक मुलगा चालवत होता. वारा छान होता, शीड भरलं, मांडवातून टाळ्या. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी बचावाचा दोर पुन्हा एकदा तपासून पाहिला.

आणि आबा उभे राहिले.

उभे राहिले आणि हात लांब करून म्हणाले, "त्ये तितं! त्या वाळल्या बाभळीच्या सरळ रेषंत. तितं माजं गाव हाय." मैत्रीण ओरडली, "आबा, खाली बसा!" तेवढ्यात वारा फिरला, शिडाखालची आडवी दांडी या बाजूची त्या बाजूला गेली, आबा तिला चुकवायला ज्या अंगाला झुकले त्याच अंगाला होडीही झुकली, आणि काठावरच्या शंभरेक माणसांसमोर आमच्या क्लबचं उद्‌घाटन पाण्यात पडलं.

पहिल्यांदा मैत्रीण वर आली. ती आता यात पटाईत होती. मग सर आले, पण नुसता ब्लेझर. जॅकेट वर उचललं गेलं होतं आणि कोट त्याच्यासकट कानांच्या वर, आतून सरांचा आवाज येत होता. आणि मग आबा, केशरी, गोल, आडवे, डोळे मिटलेले.

आम्ही जवळ गेलो. माणसं पाण्यात असताना मोटार बंद करायची हा माझाच नियम; मुलानं ती बंद करायला हात घातला, पण आबांचा फेटा सुटून सापासारखा पसरला होता, तो आधीच पंख्यात गेला. मोटार खर्र करून गप्प झाली. आता बचाव होडीही अडकली. वल्ही होती म्हणून बरं. जड होतात म्हणून ती काठावरच ठेवा असं सगळ्यांनी मला सांगितलं होतं.

वल्हवत मी आबांपाशी पोचले. "आबा! आबा, ऐकू येतंय का?"

त्यांनी एक डोळा उघडला. "वरडू नगं."

"हात द्या, वर घेते."

"जरा थांब की. लई वर्सांनी पवतोय." मग हळूच म्हणाले, "पवतोय कसला, तरंगतोय. गुडगं ग्येलं दोन्ही. सून पान्याजवळ जाऊ देत न्हाय." आणि बोटानं खाली दाखवून, "हितं चावडी. तिच्या अंगाला शाळा. मास्तर लई मारायचा. बुडाला बघ त्याचा फळा."

नियमांत हे कुठंच नव्हतं. सर कोटातून "मला आधी घ्या!" म्हणत होते, मांडवात आरडाओरडा चालला होता, आणि हा माणूस स्वतःच्या गावावर उताणा पडून आभाळ बघत होता. मी त्यांना थोडा वेळ दिला. थोडाच. मग म्हटलं, "आबा, पुरे. मी सुरक्षा प्रमुख आहे."

"चल बाई," ते म्हणाले.

त्यांना होडीत ओढायचा प्रयत्न केला तेव्हा आमचीच होडी तिरकी झाली. शेवटी त्यांनी दोर धरला आणि आम्ही म्हैस ओढावी तसं त्यांना काठापर्यंत नेलं. तोवर मैत्रिणीनं होडी सरळ करून सरांना तीत घेतलं होतं. वाटेत आबा वल्ही मारणाऱ्यांना "नेटानं! नेटानं!" म्हणत होते.

भाषण त्यांनी टॉवेल गुंडाळून केलं. खेळाचं महत्त्व वगैरे काही नाही. गावाबद्दलच बोलले, आणि पाणी किती गार आहे याबद्दल. सर आतून पार खचले होते. क्लब बंद होणार याची त्यांना खात्री होती.

पुढच्या रविवारी आम्ही काठावर पोचलो तर तिथं एक टेम्पो उभा. त्यातून सात-आठ म्हातारी माणसं उतरली. ही सगळी त्याच धरणात बुडालेल्या गावची, आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहणारी. पुढे आबा. "ह्ये बी येतो म्हनत्यात," ते म्हणाले. मागून एक म्हातारा म्हणाला, "आमालाबी तितं नेऊन बुडवा की."

बुडवणार नाही, हे मी तीन वेळा स्पष्ट केलं. बरेच जण नाराज झाले. मग वारा पाहिला, तो मंद होता. त्यांना तुकड्या-तुकड्यांनी न्यायचं ठरलं. जॅकेटं घालताना नऊवारीतल्या एका आजींनी विचारलं, "पदराच्या आतून घातलं तर चालंल का?" मी म्हटलं, "नाही आजी, बाहेरूनच." आजींनी सरांकडे बोट दाखवून विचारलं, "त्येनला बी ह्येच सांगितलं का?" सरांनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी ब्लेझर आणलाच नव्हता.

बाभळीच्या रेषेत होडी पोचली आणि दोन म्हाताऱ्यांत भांडण लागलं, विहीर कुणाच्या बांधावर होती याचं. दोघंही उठायच्या बेतात होते. शेजारच्या मोटारीच्या होडीतून मी ओरडून त्यांना बसवलं. ते बसून भांडले. आजी मात्र पाण्यात हात घालून, कडेला वाकून खाली बघत होत्या. तिथं हिरव्या गढूळ पाण्याशिवाय काहीच दिसत नाही. मग त्या सुकाणूवरच्या माझ्या मैत्रिणीला म्हणाल्या,

"जरा बाजूनं घे गं. माज्या अंगनातनं होडी न्हिऊ नगं."

मैत्रिणीनं सुकाणू वळवलं.